खारपाणपट्ट्यातील विज्ञान इमारत : बांधकामाच्या नोंदी

१४ नोव्हेंबर २०२२

पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला जिल्ह्यातील एका गावी असलेल्या आमच्या महाविद्यालयाने विज्ञान शाखेसाठी दोन मजली इमारत बांधण्याचे ठरवले असून, बांधकाम समितीचा सचिव म्हणून नोंदवही माझ्याकडे आली आहे. मी रसायनशास्त्र शिकवतो, स्थापत्य अभियंता नाही. त्यामुळे येथे सिद्धांत सापडणार नाहीत. काम कोठे अडले, कशाने सुटले आणि त्यापायी किती पैसा व वेळ गेला, एवढेच लिहिले जाईल. अकोला, अमरावती व बुलडाणा या जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे भूजल खारट असलेल्या भागात, असे काम काढणाऱ्या इतर संस्थांना त्याचा उपयोग व्हावा, हा हेतू आहे.

पहिला वाद दिशेवरून झाला. रस्ता पश्चिमेला असल्याने दर्शनी भाग पश्चिमेकडे करून त्यावर काच लावावी, असे काही संस्थाचालकांचे मत होते. प्रात्यक्षिकांची दुसरी तुकडी दुपारी दोन ते पाच असते आणि चारनंतरचे पश्चिमेचे ऊन छज्जा कितीही पुढे काढला तरी खिडकीतून आत शिरते, हे जुन्या इमारतीत सर्वांना ठाऊक आहे. प्राचार्यांनी मंडळींना एप्रिलमध्ये साडेचार वाजता जुन्या प्रयोगशाळेत बसण्याचे निमंत्रण दिले, तेव्हा काचेचा आग्रह सुटला. आता लांब बाजू पूर्व-पश्चिम, खिडक्या उत्तरेला व दक्षिणेला, मधून बंद मार्गिका आणि पश्चिम टोकाला जिना, स्वच्छतागृहे व सामानाची खोली अशी मांडणी कायम झाली आहे. रस्त्याला इमारतीची अरुंद बाजू दिसेल.

९ डिसेंबर २०२२

आवारातील बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल आला. लोखंड असलेल्या काँक्रीटसाठी आयएस ४५६ या मानकानुसार पाण्यातील क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत असावे लागते; आमचे पाणी त्याच्या बरेच पुढे आहे. बिनलोखंडी काँक्रीटला २००० मिलिग्रॅमपर्यंतची मुभा असल्याने हे पाणी पायाखालच्या साध्या थरापुरते चालेल, स्लॅब, बीम व कॉलमना चालणार नाही. ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात पाण्याची बाब ‘जागेवर उपलब्ध’ अशी एका ओळीत संपवली होती.

गोड्या पाण्याच्या पाच हजार लिटरच्या टँकरला बाराशे रुपये सांगितले गेले. शेजारच्या एका शेतकऱ्याच्या प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पावसाचे पाणी शिल्लक होते. त्याची तपासणी करून घेतली, ती मर्यादेत निघाली आणि त्याच्या हरभऱ्याचे शेवटचे पाणी देऊन झाल्यावर उरलेले पाणी टँकरच्या निम्म्याहून कमी दरात ठरवले. या पट्ट्यात बांधकामाचे वेळापत्रक सिमेंटच्या आधी पाण्यावरून आखावे. पाण्याचा अहवाल निविदेला जोडला असता तर दराची घासाघीस टळली असती.

१७ जानेवारी २०२३

येथील काळी माती खूप खोल आहे, मुरूम हाताशी लागत नाही. माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देऊन आकसते. म्हणून अभियंत्यांनी तळाशी कंद असलेल्या पाइलचा (जमिनीत खोल ओतलेल्या काँक्रीटच्या खांबांचा) पाया सुचवला. हाताने फिरवायच्या ऑगरने (माती कोरणाऱ्या गिरमिटाने) साडेतीन मीटरच्या खाली छिद्र घेऊन तळाशी ते दांड्याच्या अडीचपट रुंद केले जाते, त्यामुळे वरच्या थराच्या फुगण्या-आकसण्यापासून इमारत सुटी राहते.

घोटाळा पाइलमध्ये झाला नाही, तो त्यांना जोडणाऱ्या प्लिंथ बीममध्ये (जोत्याच्या आडव्या तुळयांत) झाला. फुगणाऱ्या जमिनीत या बीमच्या खाली किमान ८० मिलिमीटर पोकळी ठेवावी लागते. नाहीतर पावसाळ्यात माती बीमला खालून ढकलते आणि पाइलचा सगळा खर्च वाया जातो. नकाशात पोकळी दाखवली होती, परंतु पश्चिमेकडचे बीम मिस्त्रींनी नेहमीच्या सवयीने जमीन सपाट करून तिच्यावरच ओतले. ते पाडावे लागले नाहीत. दोन्ही बाजूंनी हातभर लांब खुरप्यांनी खालची माती कोरून काढली, त्यात जवळजवळ दोन आठवडे गेले आणि मजुरीचा वेगळा हिशेब झाला. पुढच्या बीमखाली कोरडी वाळू पसरून तिच्यावर काँक्रीट टाकले व नंतर वाळू ओढून काढली. कडेला फरशीचे सुटे तुकडे उभे लावून पोकळी झाकली आहे. तेथे सिमेंट भरू नये, हे प्रत्येक नव्या मजुराला सांगावे लागते.

६ मार्च २०२३

विटा पारस येथील औष्णिक केंद्राच्या राखेच्या आहेत. अंतर थोडे, आकार एकसारखा आणि भट्टीचे जळण नाही, ही तीन कारणे. भिंत रॅट-ट्रॅप पद्धतीची, म्हणजे विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या ठेवून मध्ये पोकळी सोडलेली. यात विटा सुमारे पाव हिश्शाने कमी लागतात आणि पोकळीतल्या हवेमुळे उष्णता आत यायला वेळ लागतो. सांगाडा काँक्रीटचा असल्याने भिंतीवर भार नाही.

पहिली खेप ताजी होती. राखेच्या विटेला २८ दिवस पुरे मुरू द्यावे लागते; कच्ची वीट भिंतीत गेल्यावर आकसते व प्लास्टरला उभ्या भेगा पडतात. विटेवर निर्मितीची तारीख लिहून देण्याची अट आम्ही नंतर घातली. दुसरी अडचण रसायनांच्या फडताळांची. पूर्ण भरलेल्या बाटल्यांचे फडताळ पोकळ भिंतीत ठोकलेल्या खिळ्यांवर राहत नाही, हे भौतिकशास्त्राच्या खोलीत एक फळी उखडून आल्यावर कळले. आता खिडकीच्या तळाशी, लिंटलखाली (खिडकीवरच्या आडव्या पट्टीखाली) आणि फडताळाच्या दोन उंचींवर भरीव थर घेतले जातात आणि त्यांची उंची भिंतीवर रंगाने नोंदवली जाते. विजेच्या नळ्यांचेही तसेच आहे: आधी ठरवल्या तर पोकळीतून सहज जातात, मागाहून भिंत फोडली तर दोन विटांऐवजी सहा निघतात.

२२ एप्रिल २०२३

खालच्या मजल्याचा स्लॅब पहाटे चारला सुरू करून सकाळी नऊच्या आत संपवला. राख मिसळलेल्या सिमेंटला अशा उन्हात किमान १० आणि शक्यतो १४ दिवस ओले ठेवावे लागते. आळी करून पाणी साठवण्याइतके गोडे पाणी नव्हते, म्हणून ओली पोती आणि त्यावर काळे प्लास्टिक असा उपाय केला. पाण्याची गरज निम्म्यावर आली. एका रविवारी टँकर आला नाही, तेव्हा जिन्याच्या बाजूला बोअरचे पाणी मारले गेले. महिन्याभरात तेथे पांढरा लोणा फुलला आहे. गोड्या पाण्याने घासून धुतला, तरी त्या पट्ट्यावर लक्ष ठेवावे लागणार.

१६ ऑक्टोबर २०२३

दक्षिणेच्या छज्जाबद्दल सविस्तर लिहितो, कारण खालच्या मजल्यावर तो तोकडा पडला आहे. आमचे अक्षांश सुमारे २०.७ अंश उत्तर. २१ मार्च व २३ सप्टेंबरच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ६९ अंशांवर असतो, त्यामुळे १.२ मीटर उंच खिडकीला ४५ सेंटिमीटर छज्जा पूर्ण सावली देतो. वास्तुविशारदांनी हाच आकडा धरला आणि मार्च ते सप्टेंबर तो बरोबरच आहे. परंतु वऱ्हाडात ऑक्टोबरचे ऊन उन्हाळ्याच्या खालोखाल त्रासदायक. आज माध्यान्हीचा सूर्य ६१ अंशांच्या आसपास आहे. तेवढ्यासाठी ६७ सेंटिमीटर लागतात. परिणामी खिडकीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात ऊन येऊन टेबलांवर पडते आहे. वरच्या मजल्याचे लिंटल अजून ओतायचे असल्याने तेथे छज्जा ६७ सेंटिमीटर केला. डिसेंबरात सूर्य ४६ अंशांपर्यंत उतरतो, म्हणजे थंडीत हवे असलेले ऊन तरीही मिळेल. खाली पत्र्याच्या झडपा लावणे स्वस्त पडेल, त्या पुढील वर्षाच्या खर्चात घातल्या आहेत.

पश्चिमेला कडुनिंबाची रांग लावण्याचा विद्यार्थ्यांचा प्रस्ताव अंतर वाढवून मान्य झाला. काळ्या मातीत मोठे झाड पायाजवळचे पाणी ओढते आणि एका बाजूची माती आकसवते. म्हणून झाडाच्या पूर्ण वाढीच्या उंचीइतके अंतर सोडून खड्डे घेतले. तोवरच्या सावलीसाठी जिन्याच्या भिंतीपासून दोन फूट दूर तारेच्या जाळीवर मधुमालती चढवू.

२० जानेवारी २०२४

वरचा स्लॅब झाला. रसायनशास्त्र वर ठेवल्याने हवा बाहेर टाकणाऱ्या नळ्या आखूड होतात, पण तो मजलाच सर्वांत तापतो. म्हणून छतात खालच्या, म्हणजे तणावाच्या बाजूचे निरुपयोगी काँक्रीट काढून तेथे भराव घातला आहे. कुंभाराकडची मडकी प्रथम वापरून पाहिली, परंतु मजूर सळ्यांवरून चालताना ती फुटत होती. गावातील जुन्या शाळेचे छप्पर उतरले होते, तेथील कवेलू (मातीची कौले) जोडीने पालथे घालून आत हवेचा कप्पा राहील असे बसवले. ते आधी गोड्या पाण्यात भिजवणे आवश्यक आहे, अन्यथा काँक्रीटमधले पाणी ओढून घेतात. वर पांढऱ्या फुटक्या टाइलचा थर. गढीच्या पांढऱ्या मातीचे धाबे (मातीचे सपाट छत) आजही दुपारी थंड असते, हे येथे प्रत्येक जण सांगतो आणि ते खरे आहे. मात्र दर पावसाळ्यापूर्वी धाब्यावर माती टाकायला महाविद्यालयात कोणी मिळणार नाही.

११ मार्च २०२४

फ्यूम हूड (घातक वायू बाहेर ओढणारी, सरकत्या काचेची कपाटे) बसले आणि पहिल्याच चाचणीत वास खालच्या मार्गिकेत आला. पंखा हूडच्या डोक्यावर लावला होता. त्यामुळे त्याच्या पुढची सगळी नळी दाबाखाली राहते आणि जिथे सांधा सैल तिथे वायू इमारतीतच गळतो. पंखा छतावर, नळीच्या बाहेरच्या टोकाशी नेला की आतील नळीत ओढ राहते; सांधा गळला तरी हवा आत ओढली जाते, वायू बाहेर पडत नाही. हा बदल, छतापासून तीन मीटर उंच धुराडे आणि पीव्हीसी नळीचे नवे तुकडे मिळून बहात्तर हजार रुपये खर्च आला. आवाजही कमी झाला, हा अनपेक्षित लाभ.

धुराडे पूर्वेच्या कडेला घेतले आहे. उन्हाळी वारा येथे बहुधा पश्चिमेकडून वाहतो आणि पश्चिम भागात पुढे सौर पॅनेल बसवायचे आहेत. आम्लाच्या वाफा त्यांच्या चौकटींवर येऊ नयेत.

२५ एप्रिल २०२४

परीक्षेच्या प्रात्यक्षिकांत मोठा गोंधळ झाला आणि ही नोंद या वहीतील सर्वांत उपयोगाची ठरावी.

प्रयोगशाळेत छताचे पंखे असूनही बर्नर पेटले की ते बंद करावे लागतात, आणि तराजूच्या खोलीत तर ते कधीच चालत नाहीत. म्हणून दोन्ही रसायनशास्त्र प्रयोगशाळांच्या खिडक्यांत मिळून तीन मोठे कूलर लावले होते. कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम काम करतो. बाहेर ४४-४५ अंश असताना त्याच्या तोंडाशी २८-३० अंशांची हवा मिळते. पण असा एक कूलर तासाला सुमारे पाच हजार घनमीटर हवा आत ढकलतो. १.२ मीटर रुंद हूडची काच ५० सेंटिमीटर उघडी आणि तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर धरला, तर एक हूड तासाला १०८० घनमीटर हवा बाहेर टाकतो, एका प्रयोगशाळेतले दोन हूड मिळून २१६०. उरलेली सगळी हवा दारातून मार्गिकेत गेली आणि क्षार विश्लेषणातील हायड्रोजन सल्फाइड व अमोनिया सोबत घेऊन गेली. प्राणिशास्त्राच्या मॅडम नाकाला रुमाल लावून वर आल्या. शिवाय कूलरचा झोत समोरच्या हूडच्या तोंडावर आडवा आदळत होता. हूडसमोर उदबत्ती धरून पाहिली, धूर आत जाण्याऐवजी बाहेर वळत होता. कूलर बंद करून परीक्षा पूर्ण केली. विद्यार्थी घामाघूम झाले.

३ जून २०२४

सुट्टीत पुढील फेरबदल केले. कूलर प्रयोगशाळांतून काढून तीनही वरच्या मार्गिकेच्या पूर्व टोकाला व जिन्याच्या बाजूला लावले. प्रयोगशाळांच्या दारांना खाली झडपांच्या जाळ्या बसवल्या आणि बाहेरच्या भिंतींवर एक्झॉस्ट पंखे वाढवले. आता थंड हवा आधी मार्गिकेत भरते, दाराखालून मंद गतीने प्रयोगशाळेत येते आणि हूड व एक्झॉस्टमधून बाहेर जाते. स्वच्छ जागेकडून वासाच्या जागेकडे, उलट कधीच नाही. वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या प्रात्यक्षिकाच्या वेळी बंद ठेवाव्या लागतात. उदबत्तीचा धूर चारही हूडमध्ये सरळ आत जातो.

दुसरा बदल जवळजवळ फुकट झाला. हूडच्या काचेला ३० सेंटिमीटरवर लाकडी अटकाव ठोकला. प्रत्येक हूडची हवा १०८० वरून सुमारे ६५० घनमीटरवर आली, म्हणजे तितकी थंड केलेली हवा कमी वाया जाते. क्षार विश्लेषणाचे प्रमाणही लहान केले असून परीक्षानळीत थेंबांनी काम होते. हवेचा हा प्रवाह नकाशाच्या वेळीच काढला असता तर कूलरच्या खिडक्या फोडून पुन्हा बुजवाव्या लागल्या नसत्या. ठेकेदार, विद्युततज्ज्ञ आणि कूलरवाला यांपैकी कोणीही दुसऱ्याचा नकाशा मागितला नव्हता आणि समितीनेही त्यांना एकत्र बसवले नव्हते.

१८ जुलै २०२४

पावसाच्या पाण्याच्या टाक्या भरू लागल्या. छप्पर ४५० चौरस मीटर, येथील पाऊस वर्षाला साधारण ७५० ते ८०० मिलिमीटर. वीस टक्के तूट धरली तरी पावणेतीन लाख लिटर मिळू शकतात. आम्ही पन्नास हजार लिटरच्या दोन फेरोसिमेंटच्या (तारेच्या जाळीवर सिमेंट थापलेल्या) टाक्या जमिनीवर उभ्या केल्या. जमिनीखाली टाकी घेणे टाळले, कारण फुगणारी माती तिच्या भिंती दाबते आणि गळती झाली तर ती पायाजवळच मुरते. पहिल्या दोन मिलिमीटरचे, म्हणजे नऊशे लिटर पाणी वेगळे सोडण्याची सोय आहे, तरी पहिल्या पावसात जाळी तुंबली. जिनिंगच्या हंगामात उडालेली रुई छतावर चिकटून राहते, हे लक्षात आले नव्हते. छत आता मृगाच्या आधी झाडले जाईल.

२७ नोव्हेंबर २०२४

सांडपाणी. आम्ल निष्प्रभ करण्यासाठी चुनखडीच्या खड्यांचा हौद केला होता. काही आठवड्यांत तो निकामी झाला, कारण गंधकाम्लामुळे खड्यांवर जिप्समचे कवच चढते आणि आतला चुना पोहोचेनासा होतो. रसायनशास्त्राच्या विभागाला हे आधी सुचायला हवे होते, असे प्राचार्य म्हणाले आणि त्यावर उत्तर नव्हते. आता दोन कप्पे आहेत. पहिल्यात पाणी साठते, त्यात विरवलेला चुना ढवळून टाकला जातो, सामू ६.५ ते ८.५ दरम्यान आला की दुसऱ्या कप्प्यात सोडले जाते. शोषखड्डा येथे चालत नाही, काळी माती पाणी पीतच नाही. म्हणून पाणी इमारतीपासून दूर, अस्तर केलेल्या कर्दळीच्या वाफ्यात नेले. शिसे, बेरियम, कॅडमियम, पारा व चांदीचे क्षार मात्र मोरीत जात नाहीत, त्यांचे कॅन वेगळे आहेत. सांडपाण्याच्या नळ्या भिंतीत न पुरता बाहेरच्या उघड्या कोनाड्यातून उतरवल्यामुळे गळती दिसते.

ऊर्ध्वपातित पाण्याच्या यंत्राला थंड करण्यासाठी मिनिटाला लिटरभर पाणी मोरीत जात होते. छोटा पंप व पाचशे लिटरची टाकी जोडून तेच पाणी फिरवले. यंत्रात पावसाचे पाणी घातल्यापासून हीटरवर क्षारांचा थर बसणे जवळजवळ थांबले आहे.

१२ फेब्रुवारी २०२५

दहा किलोवॉटची सौर यंत्रणा सुरू झाली. दिवसाला सरासरी चाळीस युनिट अपेक्षित आहेत. वीज गेली की ग्रीडला (सार्वजनिक वीजजाळ्याला) जोडलेला इन्व्हर्टर सुरक्षेसाठी स्वतःहून बंद पडतो, मग डोक्यावर कितीही ऊन असो. ग्रामीण भागात हे आधीच सांगितले गेले पाहिजे. प्राध्यापकांची समजूत अशी होती की आता भारनियमनाचा प्रश्न मिटला. तराजू, रेफ्रिजरेटर, हूडचे पंखे व जिन्याचे दिवे यांच्यापुरता बॅटरी असलेला वेगळा इन्व्हर्टर घ्यावा लागला, त्याचे एक लाख दहा हजार रुपये मूळ अंदाजात नव्हते.

९ मे २०२५

परीक्षा झाल्या. बाहेर ४४ अंश असताना वरच्या प्रयोगशाळांत ३४ च्या आसपास तापमान राहिले आणि मार्गिकेत वास आला नाही. दुपारी पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापतात. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला सुमारे ०.४ टक्का उत्पादन घटते, म्हणजे भर उन्हात सोळा टक्के तूट. चौकट छतापासून उंच घेतल्याने खाली वारा खेळतो. त्याहून अधिक काही करता येत नाही.

तीन कूलर तासाला प्रत्येकी ३५ ते ४० लिटर पाणी उडवतात, दिवसाचे पाच तास धरले तर सहाशे लिटरच्या आत-बाहेर. बोअरचे पाणी वापरले तर खारामुळे कूलरच्या ताट्या पंधरा दिवसांत दगडासारख्या होतात, म्हणून पावसाचेच पाणी दिले. आठवड्यातून एकदा तळाचे पाणी काढून टाकावे लागते. एप्रिलपासूनच्या वापरानंतर दुसऱ्या टाकीत आज तीस हजार लिटर पाणी आहे. भौतिकशास्त्र विभागाने खालच्या मार्गिकेसाठी एक कूलर मागितला आहे. पाणी पुरेल, परंतु खालच्या दारांना झडपा नाहीत. त्या बसल्याशिवाय कूलर देऊ नये, असा ठराव समितीच्या पुढील बैठकीत ठेवला आहे.